काच पुसल्यावर उरलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. पालकाच्या वाफ्यात उभा पुरलेला. शेजारून गेलात तर माझं करडं टोपण तेवढं तुम्हाला दिसेल, आणि तेही एखाद्या पाइपाचं तोंड वाटेल. बाकीचा मी जमिनीखाली असतो, मुळं संपतात त्याच्याही थोडा खाली.

मातीतल्या पाण्यात नायट्रेट किती आहे हे सांगणं, एवढंच माझं काम. त्याचा आकडा माझ्या टोपणावर उमटतो. नायट्रेट म्हणजे पिकाचा घास. खतातून ते मातीत येतं, साखरेसारखं पाण्यात विरघळतं आणि मुळं ते पिऊन घेतात. विरघळल्यावर त्याला ना रंग, ना वास. कितीही अनुभवी माणूस मूठभर माती हातात घेऊन ते सांगू शकत नाही.

माझा जन्म एका प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत झाला. मला घडवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम एक भिंग लटकलेलं असे, म्हणून सगळे त्यांना भिंगताई म्हणत. त्यांनी माझ्या टोकाला भाजलेल्या मातीची नळी बसवली. तिच्या बारीक छिद्रांतून मातीतलं पाणी आत झिरपतं. आत समोरासमोर स्फटिकाच्या काचेच्या दोन इवल्याशा खिडक्या आहेत. एका खिडकीतून माझा दिवा अतिनील प्रकाश सोडतो, जो माणसांना दिसत नाही. मधल्या पाण्यातलं नायट्रेट तो प्रकाश गिळतं. पलीकडच्या खिडकीशी जितका कमी प्रकाश पोचतो, तितकं नायट्रेट जास्त.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण कुजलेल्या पानांचं तपकिरी पाणी आत आलं, की तेही तो प्रकाश गिळायचं आणि आळ मात्र नायट्रेटवर यायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी! भिंगताई कितीतरी दिवस डोक्याला हात लावून बसल्या. शेवटी त्यांनी मला दुसरा दिवा दिला. त्याच्या प्रकाशाला नायट्रेट तोंड लावत नाही, तपकिरी पाणी मात्र तोही गिळतं. त्यावरून तपकिरी पाण्याचा वाटा कळू लागला. तो वजा केला, की राहिलं ते नायट्रेट.

"आता कसं, ज्याचं माप त्याच्या पदरात!" असं म्हणून त्यांनी मला थोपटलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण कोणाच्या तरी उपयोगी पडणार.

मग मी या मळ्यात आलो. मळा दोन जावांचा. थोरली शेत बघायची, धाकटी भाजी निवडून जुड्या बांधायची आणि पुढे तिला बाळ झालं तेव्हा तेही सांभाळायची. थोरली बोलायला फटकळ, पण बाळ रडलं की हातातलं खुरपं टाकून तीच आधी धावायची.

पहिल्या हंगामात माझं भलतंच कौतुक झालं. पालक पिवळा पडायच्या आधीच माझा आकडा खाली आला. थोरलीने वेळेवर खत दिलं आणि पीक सावरलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची, "हा आमचा जमिनीतला डॉक्टर बरं का!"

पण गोड लागलं म्हणून ऊस मुळासकट खाऊ नये. पानं रुंद होतायत हे बघून थोरलीचा हात सैल झाला. ती प्रत्येक वेळी जरा जास्तच खत टाकू लागली. माझा आकडा चढत गेला. आधी तिने दुर्लक्ष केलं, मग मला दोन टपल्या मारून पाहिल्या आणि शेवटी म्हणाली, "बिघडलाय मेला." पुढे माझ्या टोपणावर एक पालथी बादली आली. बादलीखालच्या अंधारात मी मोजतच राहिलो, पण आकडा बघणारं कोणी नव्हतं.

नेहमीच्या तपासणीला भिंगताई आल्या तेव्हा त्यांनी ती बादली उचलली. आकडा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मी म्हटलंच होतं, तुमचं यंत्र खोटं बोलतंय," थोरली म्हणाली. "पीक बघा कसं हिरवंगार आहे!"

भिंगताईंनी वाद घातला नाही. मला हळूच वर काढलं, उघडलं, भिंग डोळ्याला लावलं. माझ्या खिडक्यांवर बुळबुळीत थर चढला होता. "तुमचं थोडं खरं आहे," त्या म्हणाल्या. "काच घाण झालीय. त्यामुळे आकडा फुगलाय." त्यांनी मऊ कापडाने काचा पुसल्या, स्वच्छ पाण्यात बुडवून मला तपासलं, ठरावीक नायट्रेट घातलेल्या पाण्यात बुडवून पुन्हा तपासलं आणि परत जागेवर पुरलं. मातीचं पाणी आत झिरपेपर्यंत दोघी बांधावर बसून राहिल्या.

आकडा उतरला, पण थोडासाच.

"हा आता खरा," भिंगताई म्हणाल्या. "आणि हाही फार आहे."

"मग पीक जळलं कसं नाही?"

"पिकाने हवं तेवढं घेतलं. हा सेन्सर मुळांच्या खाली आहे. याच्यापर्यंत आलं ते पिकाला न लागलेलं."

"मग ते जातं कुठे?"

"पाण्याबरोबर खाली. विहिरीत."

तेवढ्यात धाकटी कळशी घेऊन विहिरीवर आली. खांद्यावर बाळ होतं. भिंगताई चटकन उठल्या. "हे पाणी बाळाला देता?"

"त्याची दुधाची पावडर यातच कालवते. पण चांगलं खळखळून उकळून घेते हं!"

"अहो, उकळून जंतू मरतात. नायट्रेट नाही जात. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं." भिंगताईंनी बाळाचा चेहरा आपल्याकडे वळवला. "ओठ असे कधीपासून आहेत?"

"रडला की निळसर होतात. मला वाटलं थंडीने..." धाकटीने बाळाचे ओठ बोटाने पुसून पाहिले.

कळशी विहिरीवरच राहिली. तिघी बाळाला घेऊन दवाखान्यात धावल्या.

त्या पाण्याने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी केली होती. वेळेवर औषध मिळालं आणि काही दिवसांत बाळ हसत घरी आलं. विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली. तान्ह्या बाळाला ते मुळीच देऊ नये, असा निकाल आला.

त्या संध्याकाळी थोरली माझ्या शेजारी मातीत बसली. एवढी फटकळ बाई, पण मान खाली घालून माती उकरत राहिली. धाकटी मागून आली.

"माझ्या हातानेच विष कालवलं गं," थोरली म्हणाली.

"आणि रोज बाटली कोण भरत होतं, जाऊबाई? मीच ना? मग दोष द्यायचा तर दोघींना द्या." धाकटी तिच्याजवळ टेकली. "उठा आता. तो तुमच्याशिवाय झोपत नाहीये."

मला हात असते, तर मी दोघींच्या डोक्यांवरून फिरवले असते.

तेव्हापासून मला विचारल्याशिवाय या मळ्यात खत पडलं नाही. बाळासाठी पाणी दुसरीकडून येऊ लागलं. विहीर मात्र लगेच सुधारली नाही. जमिनीत मुरलेलं निघायला वर्षं जातात. आता पाणी पिण्याजोगं झालं आहे आणि ते बाळ रोज दप्तर घेऊन माझ्यावरून उडी मारून शाळेत जातं.

मित्रांनो, आता माझे दिवे मंदावले आहेत. तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याची काच वेळच्या वेळी पुसा. त्याचा आकडा आवडला नाही म्हणून त्याला खोटं ठरवू नका, आणि आवडला म्हणून खराही मानू नका. अधूनमधून त्याची परीक्षा घ्या. परीक्षा घेतली म्हणून आम्ही रुसत नाही.

आणि एक मागणं आहे. ज्या दिवशी पुसूनही माझा आकडा चुकेल, त्या दिवशी जुना सोबती म्हणून मला भिडेखातर जागेवर ठेवू नका. मला उपटून बाजूला टाकलंत, तर माझी काही तक्रार नाही. माझ्या चुकीच्या आकड्यावर विसंबून कोणी कळशी भरली, तर मात्र मला ते सोसणार नाही.