सोळा पाकळ्यांची पिकदाणी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. नाव ऐकताच तुम्ही नाक मुरडलेत ना? मुरडा. मला स्वतःलाही माझी किळस येते.

निजामाच्या राजवटीत बेंबळीच्या एका शाळेत मोठ्या मास्तरांच्या खुर्चीशेजारी मी असे. दिवसभर ते पान चघळत आणि पचकन माझ्यात थुंकत. कात, चुना, सुपारीचा चोथा आणि कफ यांचा तांबडा, चिकट राडा माझ्या पोटात आंबत राही. काठावर माश्या घोंगावत. उर्दूच्या धड्यात जो चुकेल त्याने मला रिकामे करावे, अशी शिक्षा होती. बहुधा चुके तो शांतलिंग, दुकानदार महालिंगप्पांचा अकरा वर्षांचा मुलगा. मान वळवून, श्वास रोखून तो मला बोटांच्या टोकांवर नेई. घरी अंघोळ केल्याशिवाय आई त्याला लिंगपूजेला बसू देत नसे.

एकदा मोठे मास्तर कामासाठी धाराशिवला गेले. तेव्हा त्यांच्या हाताखालचे तरुण वीरभद्र मास्तर अचानक म्हणाले, “पाट्या ठेवा. आज शाळा गावात भरणार. जे बघून हात शिवशिवतील, ते मला सांगायचं.”

आदल्या दिवशीचे मला धुवायचे राहिले होते, म्हणून वाटेत धुण्यासाठी शांतलिंगाला मलाही सोबत घ्यावे लागले. कोष्ट्याचा माग झाला, तेल्याचा घाणा झाला. सारी पोरे हरखली. शांतलिंग मात्र माझ्या दुर्गंधीसह सर्वांच्या मागे, एकटा चालत होता. “तुला काय आवडलं?” असे मास्तरांनी विचारले की तो खाली बघे.

शेवटी सारे धोंडीबा तांबटांच्या भट्टीशी आले. मला पाहताच म्हाताऱ्याने हातोडी खाली ठेवली.

“आण इकडं. माझ्या हातची हाय ही.”

“शांत्या, तुझी पिकदाणी माहेराला आली रं!” एक पोरगा ओरडला.

“व्हय, लेकच हाय,” धोंडीबा म्हणाले. “सासरी लई हाल केलेत तिचे.”

त्यांनी चिंच आणि राख घेऊन मला बाहेरून घासले. माझ्या गळ्याभोवतीच्या सोळा पाकळ्या उजळल्या. वीस वर्षांत त्या कुणी पाहिल्या नव्हत्या. एक मात्र आत दबली होती, मोठ्या मास्तरांच्या लाथेने.

“ही आतनं उचलावी लागंल. माझा हात जात न्हाय. ल्हान हात पायजे.”

मुले मागे सरकली. आत वर्षानुवर्षांचा थर तसाच होता. शांतलिंग माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याने मान वळवून एक श्वास भरून घेतला. मग त्याने बाही वर सारली, लाकडी ठोकणी घेतली आणि हात आत घातला.

“हळू. पितळ दुखावतं.”

ठक्, ठक्. पाकळी वर आली, किंचित वाकडी. त्याचा हात कोपरापर्यंत लाल झाला होता. पण तो पाहत होता पाकळीकडे.

“मास्तर, मला ह्येच शिकायचंय.”

दुसऱ्या दिवशी मोठे मास्तर परतले. मी लखलखत होते. ते न पाहताच माझ्यावर पचकन थुंकले.

त्याच दुपारी महालिंगप्पा तणतणत शाळेत आले. “दुकान सोडून थुंकीत हात घालतो व्हय रं?”

“रोज घालतोच की, अप्पा,” शांतलिंग हळूच म्हणाला. “तवा तुम्ही गप बसला.”

महालिंगप्पांनी माझ्याकडे पाहिले. लाल ओघळ पाकळ्यांवरून खाली उतरत होता. त्यांनी मुलाचा हात धरला, तोच हात, आणि ते दुकानाच्या नव्हे, भट्टीच्या वाटेला लागले.

पुढे ती राजवट गेली, ते मोठे मास्तरही गेले. मी शाळेच्या फळीवर धूळ खात पडले आहे. मित्रांनो, किळस करायचीच तर थुंकणाऱ्या तोंडाची करा. घडवणाऱ्या आणि धुणाऱ्या हातांची करू नका.

समोर ओसरीवर पाण्याची नवी घागर आली आहे. मुले तिच्याभोवती गर्दी करतात, ओंजळीने पाणी पितात. तिच्या गळ्याभोवती सोळा पाकळ्या आहेत. त्यांतली एक किंचित वाकडी आहे, अगदी माझ्यासारखी.