खुब्यासाठी दोन कॅप्सूल

मास्तरांची खालची दाढ मुळापासून किडली होती. ती काढायला परक्याकडे जायचं कारण नव्हतं. त्यांची लेकच दातांची डॉक्टर.

मास्तरांनी उभा जन्म शाळेत कवायत शिकवली. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खुबा बदलला, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दाताचं काहीही काम निघालं तर तासभर आधी अँटिबायोटिक घ्यायचं, नाहीतर तोंडातले जंतू सांध्यात जाऊन बसतील. मास्तरांच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ होती.

"बाबा, आता तसं देत नाहीत," लेक म्हणाली. "अभ्यासात दिसलंय, त्याने फारसा फायदा होत नाही. झाला तर तोटाच. त्यातून तुम्हाला पेनिसिलीन चालत नाही, अंगावर गांध्या उठतात. दुसरं औषध द्यावं लागेल, आणि ते पोटाला वाईट."

"त्या माणसाने मला पायावर उभं केलं. त्याचा शब्द मी मोडायचा?"

संध्याकाळी परगावाहून तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, दोन गोळ्यांनी काय बिघडतंय? उद्या खुब्यात पू झाला तर? विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

ती बराच वेळ बोलत राहिली. शेवटी थकली. दिवसभर पेशंटना समजावून घसा कोरडा पडलेला, त्यात घरच्यांशी कोण हुज्जत घालणार! दुसऱ्या दिवशी तिने दोन कॅप्सूल बापाच्या तळहातावर ठेवल्या आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. तासाभराने दाढ निघाली, सहज, अख्खी.

"आता चणे आहेत तर दात नाहीत," मास्तर गालात कापूस धरून बोबडं बोलले. ती हसली.

आठवड्याने ती त्यांच्याकडे गेली तेव्हा गॅलरीच्या दोरीवर तीन चादरी वाळत होत्या.

"रोज धुता?"

"घाम येतो हल्ली."

त्यांचं तोंड उतरलं होतं, ओठ सुकले होते. न्हाणीघराचं दार उघडलं आणि वासानेच तिला कळून चुकलं. पाच दिवस जुलाब होत होते, दिवसाला दहा-बारा वेळा. सगळ्या शाळेला सरळ उभं राहायला शिकवलेल्या माणसाला लेकीपुढे हे बोलायची लाज वाटली होती.

इस्पितळात तपासणीसाठी शौचाचा नमुना गेला. तिथली डॉक्टर तरुण होती, सावकाश बोलणारी. "अलीकडे कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं?"

"दोन कॅप्सूल. एकदाच. दाढ काढायच्या आधी."

"कोणी दिल्या?"

"मी."

डॉक्टरने लिहून घेतलं. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मेले की दबा धरलेला वाईट जंतू माजतो, आतडं सुजवतो. एका डोसनेही क्वचित होतं. लेकीला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच तर नको म्हणाली होती.

उपचार सुरू झाले, पण वय ऐंशीच्या पुढचं. सहाव्या दिवशी मूत्रपिंडांनी दगा दिला. शुद्ध असताना मास्तरांनी एकदाच विचारलं, "खुबा ठीक आहे ना?"

"एकदम ठीक आहे, बाबा."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. दोन दिवसांनी सकाळी ते गेले.

भेटायला येणाऱ्यांना भाऊ सांगत होता, "ताईने काही कमी केलं नाही हो. दाढ काढायच्या आधी औषधसुद्धा दिलं होतं." लोक माना डोलवत. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवी.

माणसं पांगल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सगळं सांगितलं. तो ओट्याला टेकून ऐकत राहिला.

"म्हणजे मी फोन केला नसता तर..."

"फोन तू केलास. औषध मी दिलं. डॉक्टर मी आहे."

"तू ठाम का नाही राहिलीस, ताई?" तो ओरडला नाही. खरोखर विचारत होता.

तो खाली बसला, फरशीवरच, आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला. ती शेजारी बसली. त्याला जवळ घ्यावं असं वाटत होतं, पण हात काही उचलवेना.

पुढच्या सोमवारी तिने दवाखाना उघडला. दुपारी एक बाई आल्या, दोन्ही गुडघे बदललेल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "गोळी द्याल ना आधी?"

"नाही," ती म्हणाली, आणि का नाही ते समजावून सांगू लागली. बाईंनी निम्मं ऐकलं, पर्स उचलली आणि दुसरा डॉक्टर बघते म्हणून निघून गेल्या.