बरी बाजू

शर्टातून त्यांनी आधी डावा हात बाहेर काढला आणि मग उरलेला शर्ट उजव्या खांद्यावरून हळूच ओघळू दिला. खिडकीशी कागद भरत उभ्या असलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"कुठला खांदा, काका?"

"डावा."

बाहेर बाकावर मुलगा बसला होता. त्याच्या फाइलमध्ये शुश्रूषागृहाचा अर्ज होता, सहीपुरता राहिलेला. खांदा कामातून गेला असं इथे कळलं, की अंथरुणाला खिळलेल्या आईला सोमवारी तिकडे हलवायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे मुलगा बोलला होता आणि यांनी चहा संपवला होता. राग आला नव्हता. काहीच आलं नव्हतं. गेले वर्षभर असंच होतं.

आईला कुशीवर वळवताना बाबा मध्येच थांबले, हे मुलाने पाहिलं होतं, पण पाठमोरं. कुठला हात, ते त्याला सांगता येईना. बाबांना विचारण्यात अर्थ नाही, घराला आग लागली तरी जरा उकडतंय म्हणतील, असं तो मघाशी बाईंना म्हणाला होता. तेव्हा आपण डावा म्हणायचं, असं यांनी ठरवलं. डावा धडधाकट होता. छापखान्यात मुद्रितं तपासत त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वतःहून घातलेली ही पहिलीच.

बाईंनी येऊन त्यांचा उजवा हात धरला.

"डावा म्हणालो मी."

"हो. पण आधी बरी बाजू बघायची असते. बरा खांदा कुठवर जातो ते कळल्याशिवाय दुखऱ्याचं काय मोजणार?"

हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हात बाजूने वर न्यायला सांगितला. तो छातीपर्यंत गेला आणि थांबला. पुढचं अंतर त्यांनी कंबरेतून झुकून भरून काढलं. बाईंनी त्यांना सरळ केलं, हात स्वतःच वर नेला आणि सावकाश खाली आणायला सांगितलं. अर्ध्यावर तो पडला. कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं.

दहापैकी किती दुखलं, असं विचारल्यावर ते शून्य म्हणाले. त्यांना ते खोटंही वाटलं नाही. वेदना होती, पण शेजारच्या घरात कुणी भांडी घासावी तशी.

डाव्या खांद्याचं नाव बाईंनी काढलं नाही. घरी काय उचलता, एवढंच विचारलं. बायकोला, चौदा महिने झाले, असं त्यांनी सांगितलं. कसं उचलता ते दाखवा, म्हणत बाई स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या.

सवयीने त्यांचा उजवा हात मानेखाली गेला, डावा कंबरेखाली.

"बरं?" त्यांनी विचारलं.

पक्षाघातानंतर बायकोपाशी हा एकच शब्द उरला होता. ते त्यानेच विचारत आणि ती त्यानेच उत्तर देई. बाई छताकडे बघत राहिल्या. मानेखालच्या हाताने जोर लावला, पण मान उचलली गेली नाही.

"सात," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आठ असेल."

बाई उठून बसल्या. यांना तिथेच आडवं व्हायला सांगून त्यांनी दार उघडलं. मुलगा फाइल घेऊन आत आला.

"गेलाय ना खांदा?"

"उजवा, हो. ती फाइल खुर्चीवर ठेवा, बूट काढा आणि इकडे या."

"मला काय झालंय?"

"काही नाही झालेलं. म्हणून तर. आधी बरी बाजू बघायची असते."

त्याने फाइल खुर्चीवर ठेवली. मग वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

हात कुठे घालायचा, गुडघा कुठे टेकवायचा, उजव्या खांद्याला कसं सांभाळायचं, हे बाई एकेक करून सांगत गेल्या. मानेखाली एक हात आला. गार, अवघडलेला, नको तितका जपून धरलेला.

"दुखलं तर सांगा, बाबा."

छताच्या कोपऱ्यात रंगाचा एक पोपडा सुटला होता. तिकडे बघत ते म्हणाले, "बरं."