हुकाला टांगलेलं जाकीट

कारखान्यात क्रेन निवडायला कमिटी नेमली तेव्हा कामगारांच्या वतीने मला घेतलं, कारण बावीस वर्षांत मी आणलेली एकही वस्तू कमी पडली नव्हती. शंका आली की एक नंबर मोठा घ्यायचा, ही माझी ख्याती. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये सगळे तसेच. परसातल्या झोपाळ्यालाही ट्रक टांगता येईल असे खांब पुरतात आणि वर शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात.

क्रेन हवी होती वांडा श्लाकच्या जागेवर. पंपाचं पासष्ट पौंडांचं ओतीव लोखंडी कास्टिंग लाकडी पॅलेटवरून उचलायचं, मशीनवर चढवायचं, भोकं पाडून झाली की उतरवायचं. पाळीत दोनशेदा चढवायचं, दोनशेदा उतरवायचं. अकरा वर्षं ती हे हातांनी करत होती आणि आता चोपन्न वर्षांची झाली होती.

क्रेन विकायला आलेल्या माणसाने वजनाचं विचारलंच नाही. म्हणाला, "दिवसातून किती वेळा फिरवणार, ते सांगा." मग त्याने हलक्या ॲल्युमिनियमची एक जिब क्रेन दाखवली. भिंतीजवळ खांब आणि वर दाराच्या फळीसारखा फिरणारा आडवा हात. दीडशे पौंड पेलणारी.

"ही एका बोटाने फिरते," तो म्हणाला.

"आणि उद्या कुणी हिला मोटर टांगली तर?" मी विचारलं.

"इथे मोटर कोण टांगणार?"

"माणसं काहीही टांगतात, बाबा."

एकदा माझ्यासमोर साखळी तुटून आमच्या पाळीतल्या एलरॉयचा पाय गेला होता. तेव्हापासून बारीक दिसणाऱ्या कशावरच माझा विश्वास बसत नाही. आमचा इंजिनिअर ट्रेंट एकोणतीस वर्षांचा, त्याला माझी भीती म्हणजे अनुभव वाटला. एक टन पेलणारी पोलादी क्रेन आली. 'कामाला योग्य' असं लिहिलेल्या कागदावर मी ऐटीत सही केली.

त्या क्रेनचा नुसता आडवा हातच चारशे पौंडांचा. हलवायला अंग टाकावं लागे, आणि एकदा हलला की थांबत नसे. मशीनच्या पुढे निघून जाई, मग त्याला ओढून मागे आणायचं. हाताने पंधरा सेकंदांत होणाऱ्या कामाला मिनिट लागायचं. वर फळ्यावर नगांचा आकडा, मागे पडलात की लाल.

"मार्व, तुझी क्रेन कास्टिंग उचलते, मान्य," वांडा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली. "पण तुझ्या क्रेनला कोण उचलणार? मीच ना?"

"नवीन आहे. हात बसेल."

"तू एक दिवस माझ्या जागेवर उभा राहा. एकच दिवस. मग मला शिकव."

"तुला नवीन काही आणलं की खुपतंच बघ."

मी उभा राहिलो नाही. एवढंच करायचं होतं, आणि तेवढंही मी केलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात क्रेन भिंतीशी ढकललेली दिसली. हुकाला वांडाचं हरणांच्या शिकारीचं नारिंगी जाकीट. सगळ्यांनी पाहिलं. ट्रेंटनेही पाहिलं, पण फळ्यावरचा आकडा हिरवा होता, म्हणून त्याने मान फिरवली. मला मात्र राग आला. तिच्या खांद्याची काळजी वाटून नव्हे, माझ्या क्रेनची तिने खुंटी केली म्हणून.

जानेवारीत तिच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. कास्टिंग हातात असतानाच ती खाली बसली. डॉक्टर म्हणाले, हात आता डोक्यापर्यंत जायचा नाही. कंपनीने भरपाई नाकारली: क्रेन दिली होती, बाईने वापरली नाही. पुरावा म्हणून फोटो. नारिंगी जाकीट त्यात लांबूनही ओळखू येत होतं.

सुनावणीला मला बोलावलं. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "त्या कामाला ही क्रेन पुरेशी होती का?"

वांडा माझ्याकडे बघत होती. एकोणीस वर्षं दर शुक्रवारी आम्ही खानावळीत एकाच टेबलाशी तळलेला मासा खाल्ला होता. क्रेन जड आहे, ती वापरून आकडा गाठणं कुणालाच जमलं नसतं, आणि निवडली मी, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते बोललो असतो तर हिचा खांदा मी फाडला, असंच झालं असतं.

"एक टनाची आहे," मी म्हणालो. "पुरेशीहून जास्त."

शब्द न् शब्द खरा. निकाल तिच्या विरुद्ध गेला. शुक्रवारी ती आली नाही आणि माझा मासा गार झाला.

मार्चमध्ये ट्रेंटने तिची जागा मला दिली. "तूच निवडलीस ना? मग तुलाच नीट चालवता येईल," म्हणाला, आणि तो हे मनापासून म्हणाला. हुकाला अजून तिचं जाकीट होतं. ते काढून ठेवलं आणि क्रेन ओढायला लागलो. अकरा वाजेपर्यंत फळा लाल. मंगळवारी लाल, बुधवारी लाल. गुरुवारी कुणी बघत नाही असं बघून मी क्रेन भिंतीशी ढकलली. बघत सगळेच होते.

पुढच्या आठवड्यात जाकीट द्यायला तिच्या घरी गेलो. तिने डाव्या हाताने दार उघडलं.

"माझ्या जागेवर कोण आहे?"

"मी."

"क्रेनने उचलतोस?"

तिच्याशीही खोटं बोलता आलं असतं. पण सकाळपासून खांदा जळत होता, जाकीट पुढे धरायलासुद्धा दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागत होता, आणि ते तिला दिसत होतं.

"नाही," मी म्हणालो. "हातांनीच."

तिने जाकीट घेतलं, क्षणभर चाचपलं आणि परत माझ्या हातांत कोंबलं.

"ने परत. टांग तिथेच," ती म्हणाली. "हुक मोकळा दिसला तर लोकांना वाटेल, क्रेन चालते."

आणि तिने दार लावलं.