पट्टीत बसवलेलं सोनं

मान वर करा, मी इथून बोलतोय. वेदीमागच्या भिंतीवर संताच्या डोक्याभोवती सोनेरी वलय आहे ना, त्यातला मी नखाएवढा काचेचा तुकडा. माझ्या पोटात सोन्याचा वर्ख आहे. तो आता कुणाला दिसत नाही.

कुवेतमधल्या या जुन्या चर्चच्या दुरुस्तीत मला कारागीर झहूरने बसवलं. काचेचे तुकडे जडवून चित्र करण्याचं हे जुनं बायझंटाइन पद्धतीचं काम तो बैरुतमध्ये शिकला होता. ओल्या चुन्यात तो आम्हाला किंचित तिरकं रोवायचा, एकाला इकडे, दुसऱ्याला तिकडे. खालून माणूस चालला की आम्ही पाळीपाळीने लुकलुकायचो.

त्याच्या हाताखाली तुळशीदास होता. वेंगुर्ल्याचा गवंडी, इथल्या अब्बासिया वस्तीत सहाजणांच्या खोलीत राहणारा. अठरा वर्षं त्याने बाथरूमच्या फरशा बसवल्या. त्यांच्याकडे माणूस घसरल्यावरच बघतो, असं तो म्हणायचा. हे वलय मात्र सगळे मान वर करून बघणार होते. त्याचा व्हिडिओ पाठवायचं त्याने बायकोला, प्रणिताला, कबूल केलं होतं.

वलय पुरं झालं. झहूर कायमचा मायदेशी निघाला होता. कागदपत्रांसाठी दोन दिवस बाहेर राहिला. तुळशीदासने सवयीने आमच्यावर सरळ पट्टी धरली, तर पट्टीखाली फटीच फटी. झहूरचे हात थकले, असं त्याला वाटलं. दोस्ताला कुणी हसू नये म्हणून चुना ओला होता तोवर त्याने लाकडी थापीने आम्हाला एकेक करून सपाट केलं. किती मायेने केलं! आणि एक फोन करून विचारलं नाही.

विमानतळावर जाताना झहूर आला. दिवे लागले होते आणि वलय पितळी ताटासारखं मंद पडलं होतं. त्याने मला नखाने हलवून पाहिलं. चुना वाळून घट्ट झाला होता.

"तेरा नाव खराब नको होने को, इसलिए सरळ किया," तुळशीदास म्हणाला.

"भाई, इन्हें टेढ़ा मैंने किया था," झहूर हळूच म्हणाला. "हर आनेवाले के लिए एक."

मग तो गेला. व्हिडिओ पाठवलाच गेला नाही.

आता आम्ही सगळे एकाच रिकाम्या कोपऱ्याकडे बघत असतो. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, प्रार्थनेला गर्दी होते. कुणी थांबत नाही. शेवटच्या बाकाशी तुळशीदास उभा असतो, पट्टीने आयुष्य काढलेला माणूस, मान तिरकी करून. कधी डावीकडे कलतो, कधी उजवीकडे. मी कुठून चमकेन ते शोधतो.

त्याला हसू नका. आणि कुणी तुम्हाला वाकडं दिसलं, तर थापी उचलण्याआधी एकदा विचारा.