घरचं विरजण

माझा धाकटा भाऊ म्हणायचा, आमच्या घरात आई आणि ताई एकाच धंद्यात आहेत: संध्याकाळी लावायचं आणि सकाळी लागलं का ते बघायचं. आई दुधाला विरजण लावायची. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत कल्चर लावायचे, म्हणजे आजाऱ्याचं रक्त पोषक रसाच्या बाटलीत घालून उबेत ठेवायचं आणि त्यात जंतू वाढतात का ते पाहायचं. फरक एवढाच की आईचं लागलं नाही तर घरात तोंडं पडायची, आणि माझं लागलं तर कुणाच्या तरी घरात.

भावाला सगळे बोका म्हणत. लहानपणी दह्यावरची साय बोटाने चाटताना पकडला गेला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. नोकरीला लागला तरी घरी आल्या आल्या आधी पातेल्याचं झाकण उचलायचा. आईला कळत नाही असं त्याला वाटायचं, आणि आपल्याला कळतं हे आई त्याला कळू द्यायची नाही. दोघांचं छान चाललं होतं.

ते विरजण आमच्या दोघांहून वयाने मोठं. आईने लग्नात माहेराहून घट्ट झाकणाच्या डबीत आणलेलं, आणि तेव्हापासून एकदाही मोडू दिलं नव्हतं. मी शिकत असताना सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिलं ते आमचंच दही. रंग दिल्यावर लांब जांभळ्या काड्या दिसल्या, एकापुढे एक जोडलेल्या. बोक्यालाही दाखवल्या. मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की हे असले जंतू आपल्या पोटातही राहतात, अन्न पचवायला मदत करतात आणि परक्या जंतूंना जागा देत नाहीत. त्याने डोळा न काढताच विचारलं, "म्हणजे घरजावई?" त्या दिवसापासून आमच्या घरात दह्याला घरजावईच म्हणायचे.

मग बोक्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी रोगाच्या पेशी मेल्या, आणि त्यांच्याबरोबर रक्तातल्या राखण करणाऱ्या पेशीही मेल्या. तोंडात, घशात फोड आले. वॉर्डाच्या दारावर पाटी होती, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. सिस्टरने आईला बजावलं, मीही बजावलं: बाहेरचं काही नको, द्यायचं ते उकळूनच. आईने शब्द न् शब्द पाळला. त्याचे चमचे आणि वाट्या ती खळखळत्या पाण्यात इतका वेळ ठेवायची, की बोका म्हणाला, आई आता चमच्याचं सूप पाजणार. दही नको असं कुणी म्हणालं नाही. आमच्या घरात दही हा पदार्थच नव्हता, ते घरातलं माणूस होतं.

त्याला ताप चढला तेव्हा रक्त आमच्याच प्रयोगशाळेत आलं. बाटलीत वाढ दिसली. मी थेंब काचेवर घेतला, रंग दिला आणि वाकून पाहिलं. लांब जांभळ्या काड्या, एकापुढे एक जोडलेल्या. यंत्राने नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं होतं. चालू असलेलं औषध या जंतूवर चालत नाही, म्हणून मी लगेच वॉर्डात फोन केला आणि औषध बदललं गेलं. पण राखणच उठली होती, आणि घरजावयाने घर ताब्यात घेतलं होतं. बोका गेला.

आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं की हे जंतू सगळ्यांच्याच पोटात असतात, औषधांनी आतड्यालाही फोड येतात, त्यांतूनही ते रक्तात उतरू शकतात. कुठून आले ते कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर आईने मला सांगितलं. घशाखाली काही उतरत नव्हतं, तेव्हा बोक्याने दही मागितलं होतं. तिने दूध तीनतीनदा उकळलं, उकळलेल्या वाटीत लावलं, आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दोन चमचे भरवले. ताईला सांगू नकोस, ती भाषण देईल, असं तोच म्हणाला होता.

"डोळे मिटून खाल्लं गं," आई म्हणाली. "शेवटी माझ्या हातचं दोन चमचे पोटात गेलं. तेवढंच समाधान."

थोड्या वेळाने तिने विचारलं, त्या बाटलीत काय लागलं होतं. हॉस्पिटलातलाच कुठला तरी जंतू, मी म्हणाले. आईने हॉस्पिटलला, तिथल्या भिंतींना आणि नळांना तोंडभर शिव्या दिल्या. मी त्याच हॉस्पिटलचा पगार खाते, पण त्या शिव्या मला गोड लागल्या. तिच्याकडे ते दोन चमचे सोडून दुसरं काही उरलं नव्हतं. ते मी काढून घेणार नव्हते.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना तोच आजार निघाला. त्या औषधांची पहिली फेरी संपवून घरी आल्या होत्या, तोंड आलं होतं, काही जात नव्हतं. एका सकाळी मी चप्पल घालत होते, तर आई वाटीवर ताटली झाकून दाराशी आली. बोका गेल्यापासून ती पहिल्यांदाच कुणासाठी काही घेऊन निघाली होती. चेहऱ्यावर जरा उजेड होता.

मी दारात आडवी उभी राहिले. "आई, त्यांना नको."

"अगं, बाहेरचं नाहीये. घरचं आहे."

"तरी नको."

"दूध तीनदा उकळलंय."

"दूध उकळलंस गं. विरजण कुठे उकळलेलं असतं?"

ते तोंडातून निसटलं. इतके दिवस जिभेवर दगड ठेवला होता, आणि मास्तरीणबाईंसाठी तो उचलावा लागला. आईने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बोक्याला चाललं होतं ना?"

"चाललं होतं."

"मग त्यांना का नको?"

मी खोटं शोधत राहिले. डॉक्टर मॅडमचं वाक्य आठवलं, ते खोटंही नव्हतं, पण ऐनवेळी ते ओठांवर येईना. कारण वाटी खाली ठेवली जावी असंच मला वाटत होतं, आणि हे आईला माझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती वळली आणि आत गेली.

मी चप्पल काढून मागोमाग गेले. ओट्यावर मोठं पातेलं चढलं होतं, बोक्याचे चमचे उकळायची तेच. तिने दही त्यात ओतलं, वाटी टाकली, चमचा टाकला, मग फळीवरून माहेरची ती डबी काढली आणि झाकणासकट आत सोडली. पाणी पांढरं होऊन उसळायला लागलं.

"उकळलं की सगळं मरतं ना गं?"

"मरतं, आई."

मी गॅस बंद करायला हात पुढे केला. तिने तो हळूच बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ."