टॅपेटची टकटक

हिवाळ्याच्या अखेरीस, एका गुरुवारी दुपारी, गावाबाहेरच्या चढावरील गॅरेजात शिंपीणबाई आपल्या मुलाच्या शर्यतीच्या मोटरसायकलीशेजारी उभ्या होत्या, आणि चालू ठेवलेली मोटरसायकल टकटक करत चारचौघांत त्यांना तोंडघशी पाडत होती.

"ऐकलंत ना, मावशी? इंजिनातला टॅपेट वाजतोय," मिस्त्री म्हणाला.

"म्हणून तर टेम्पोत घालून आणली. तुला काय तिचं गाणं ऐकवायला?"

मिस्त्री हसला. त्याने इंजिन निवू दिले, वरचे झाकण उघडले आणि पोलादाची पातळ पट्टी व्हॉल्व्हच्या फटीत सरकवली. फट वाढली होती. ती बेताची करून त्याने इंजिन पुन्हा चालू केले. टकटक कमी झाली, गेली नाही.

"राहू दे एवढी," बाई घाईने म्हणाल्या. "रविवारी मुलगा येतोय. त्याला कुठं ऐकू जातेय!"

"त्याला? गल्लीच्या तोंडाशी असतानाच ऐकेल तो."

तेच तर भय होते. जहाजावर नोकरीला लागल्यापासून मुलगा दर फोनवर दोनच प्रश्न विचारी: तू बरी आहेस ना, आणि गाडी चालू आहे ना. बाई दोन्हींना एका दमात हो म्हणत. गाडी गेली, तर इतक्या लांबून त्याने यावे असे या गावात उरते काय? आपण उरतो, हे उत्तर त्यांना सुचत असे. पण त्या उत्तरावर सगळा भार टाकून पाहण्याचे धाडस त्यांना अद्याप झाले नव्हते.

मिस्त्रीने इंजिनातला दांडा, कॅमशाफ्ट, काढून पुसला. "व्हॉल्व्ह उघडतो तो हा उंचवटा. नख फिरवून बघा."

सुईचे टोक शाबूत आहे की नाही, हे बाई जन्मभर असेच पाहत आल्या होत्या. नख अडकले.

"खरखरीत आहे रे."

"आणि झिजून बसलायसुद्धा. पोरानं बेदम दामटलीय."

"त्यानं? तो गेल्यापासून गाडी फाटकाबाहेर पडलेली नाही!"

मिस्त्रीने तेलात बोट बुडवून वास घेतला. "पेट्रोल उतरलंय यात. हिला रोज चालू कोण करतं?"

"मी. दिवेलागणीला. नुसती फुरफुरू देते बराच वेळ. रिकामं मशीनसुद्धा रोज फिरवावं, नाहीतर धरतं. शिवणात जन्म गेला माझा, मला शिकवतोस?"

"शिवणाच्या मशीनचं ठीक आहे, मावशी. ही अशी फुरफुरत राहिली की तेलाला जोर राहत नाही. ते कॅमच्या या उंचवट्यापर्यंत पुरेसं चढतच नाही."

दिवेलागण म्हणजे जहाजावर जाण्याआधी मुलगा कामावरून परतायचा ती वेळ. अंगणात इंजिन सुरू करून त्या स्वयंपाकघरात जात, दार किलकिले ठेवत आणि पाठमोऱ्या ऐकत राहत. गाडी आलेली असे. आता फक्त ती बंद करून त्याने आत यायचे असे. बंद करायला मात्र दर वेळी त्यांनाच उठावे लागे.

"तूच सांग त्याला," अखेर त्या म्हणाल्या. "म्हण, तुझ्या शर्यतींनी झिजली."

मिस्त्रीने कॅमशाफ्ट त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि फडक्यावर ठेवला.

"नाही, मावशी. ही पळून झिजलेली नाही. उभी राहून झिजलीय."